अंगावरून गेलेल्या वाऱ्याचे मोजमाप

१९१९ सालच्या २ ऑक्टोबरची सकाळ. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन कोसळले. आदल्या आठवड्यात, २५ सप्टेंबरला, कोलोरॅडोतील प्वेब्लो गावी राष्ट्रसंघाचा पुरस्कार करणारे भाषण देऊन ते गाडीत बसले होते, आणि त्याच रात्री त्यांची प्रकृती ढासळली होती. पुढचा दौरा रद्द करून आगगाडी तशीच राजधानीकडे हाकावी लागली. आता तर डावा हात आणि डावा पाय दोन्ही लुळे पडले. आपल्याकडे अशा प्रसंगी घरची माणसे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' एका बलाढ्य राष्ट्राच्या धुरीणाच्या अंगावरून वारे गेले होते. आणि तेही व्हर्सायच्या तहाला सिनेटची संमती मिळवायची, त्या ऐन घटकेला.

वारे किती जोराचे होते? साऱ्या देशाला हवे होते ते एवढ्याच प्रश्नाचे उत्तर, आणि तेच कोणी देईना. अध्यक्षांचे डॉक्टर केरी ग्रेसन यांनी काढलेल्या पत्रकांत थकव्याची आणि विश्रांतीची भाषा होती. पक्षाघाताचे नाव नव्हते. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी, अध्यक्ष कारभार करण्यास असमर्थ आहेत असे ठरवण्याची गोष्ट काढली, तेव्हा ग्रेसन आणि खाजगी चिटणीस जोसेफ टमल्टी या दोघांनीही तसे म्हणण्यास साफ नकार दिला. अखेर ५ डिसेंबरला सिनेटचे दोन सभासद, फॉल आणि हिचकॉक, अध्यक्षांच्या भेटीला गेले. निमित्त मेक्सिकोच्या प्रकरणाचे होते. हेतू मात्र रुग्णाला डोळ्यांनी पाहून येण्याचा. डावा हात पांघरुणाखाली झाकलेला होता. विल्सन यांनी उजव्या हाताने हस्तांदोलन केले, चार शब्द खेळीमेळीने बोलले, आणि बाहेर येऊन त्या दोघांनी अध्यक्षांची बुद्धी शाबूत असल्याची ग्वाही दिली. पुढे १९ मार्च १९२० रोजी तह सिनेटात दुसऱ्यांदा आणि अखेरचा फेटाळला गेला. विल्सन मार्च १९२१ पर्यंत अधिकारपदावर राहिले आणि ३ फेब्रुवारी १९२४ ला वारले. त्या आजाराने ते अधिक ताठर झाले की काय, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

या कथेत लपवाछपवी आहे, यात शंका नाही. परंतु क्षणभर असे धरू या, की ग्रेसन यांनी सर्व काही खरे सांगायचे ठरवले असते. मग त्यांनी काय सांगितले असते? 'झटका सौम्य आहे', 'मध्यम आहे', 'गंभीर आहे' यापलीकडे त्या काळच्या वैद्यकाजवळ शब्द नव्हते. तापाला थर्मामीटर होता, रक्तदाबाला पारा होता. पक्षाघाताच्या जोराला माप नव्हते. ते माप पुढे कसे तयार झाले, त्याची हकीकत मोठी वाचनीय आहे. तीत कोणतेही भव्य यंत्र नाही. आहे तो एक रुग्ण, एक खाट, आणि तिच्याशेजारी उभे राहून नीट पाहणारा माणूस.

'वारं गेलं' हा आपला वाक्प्रचार फार जुन्या विचारातून आला आहे. आयुर्वेदाने पक्षाघात वातव्याधींत घातला. शरीरातील वायू बिघडला की तो अर्धे अंग घेऊन जातो, अशी ती कल्पना. पण सुश्रुतसंहिता कारण सांगून थांबत नाही. नुसत्या वाताने झालेला पक्षाघात अतिशय कष्टाने बरा होणारा, दुसऱ्या दोषाची जोड असलेला साध्य, आणि धातुक्षयामुळे झालेला असाध्य, अशा तीन पायऱ्या ती मांडते. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी दोनच पायऱ्या केल्या. झटका जोराचा असेल तर तो बरा करणे अशक्य आणि हलका असेल तर सोपे नाही, असा त्यांचा निर्वाळा. दोन्हीकडचे वैद्य वेगळ्या विद्येचे. पण उशाशी बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. माणूस वाचेल का, आणि वाचला तर उठेल का? त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षे या उत्तरात फारशी भर पडली नाही.

भर पडली ती आजाराच्या जागेविषयी. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने झटक्याने मेलेल्यांची शवे उघडून पाहिली आणि १६५८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले, की हा वाऱ्याचा खेळ नसून रक्ताचा आहे. मेंदूत रक्त सांडलेले असते, किंवा मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबलेली असते. पुढे १७६१ मध्ये इटलीच्या मोर्गान्यीने शेकडो शवांच्या आधारे सांगितले, की उजवे अंग लुळे पडले असेल तर इजा मेंदूच्या डाव्या बाजूस शोधावी. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांना एक रुग्ण भेटला. त्याला बोललेले समजे, पण तोंडातून मात्र एकच अक्षर निघे. तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली, आणि वाणीचे एक घर मेंदूत नक्की झाले. हे सारे ज्ञान अमोल होते. पण ते रुग्णाच्या मरणानंतर हाती येत होते. जिवंत माणसाला त्याचा उपयोग काय?

जिवंत माणसाच्या शरीराकडूनच बातमी काढण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसला बहराला आली. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये दाखवले, की तळपाय बाहेरच्या कडेने टोकदार वस्तूने ओढला असता निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो, पण मेंदूपासून निघालेल्या हालचालीच्या वाटेला इजा झाली असेल तर तो वर उठतो. एका किल्लीच्या टोकाने मेंदूची खबर मिळू लागली! याच बाबिन्स्कींनी १९१४ मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. डावे अंग लुळे पडलेले काही रुग्ण आपल्याला काही झालेच आहे, हे मानत नाहीत. 'हात उचला' म्हटले तर उचलला असे सांगतात, आणि हात तर गादीवर पडलेला असतो. ही लबाडी नव्हे, मेंदूच्या उजव्या भागाच्या इजेने माणसाची आपल्याच अर्ध्या अंगाची ओळख पुसली जाते. विल्सन यांचे डावेच अंग गेले होते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

अशा रीतीने डॉक्टरांची नजर तीक्ष्ण झाली. तथापि एक अडचण उरली. नजर ज्याची त्याची असते. प्राध्यापक ज्याला 'सौम्य' म्हणत, त्याला त्यांचा साहाय्यक 'मध्यम' म्हणे. सकाळच्या डॉक्टरला रुग्ण 'बरा' वाटे आणि रात्रीच्या डॉक्टरला 'जरा खालावलेला'. मग रुग्ण खरोखर खालावला, की केवळ पाहणारा बदलला? जोवर या आजारावर फारसा इलाज नव्हता, तोवर या गोंधळाने कोणाचे मोठे नुकसान होत नव्हते. पण एखादे नवे औषध खरोखर गुणकारी आहे का, हे ठरवायची वेळ आली, की आधी किती होते आणि नंतर किती राहिले, हे सांगावेच लागते.

अशाच अडचणीला खलाशांनी फार पूर्वी तोंड दिले होते. समुद्रावरच्या वाऱ्याला एक कप्तान 'मंद' म्हणे, दुसरा 'जोरकस'. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली युक्ती काढली. वारा दिसत नाही. पण त्याने जहाजाच्या शिडांचे काय होते, ते दिसते. तेव्हा शिडांकडे पाहून शून्यापासून बारापर्यंत आकडा द्यावा, म्हणजे यंत्र नसतानाही दोन कप्तानांची भाषा एक होते. अंगावरून गेलेल्या वाऱ्याचे मोजमापही पुढे नेमके याच रीतीने झाले.

पहिले पाऊल दुसऱ्या महायुद्धात पडले. गोळ्या लागून नसा तुटलेले सैनिक ब्रिटनच्या इस्पितळांत येत होते, आणि त्यांच्या स्नायूंत बळ किती उरले याची नोंद सर्वांनी एकसारखी ठेवावी म्हणून तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलने शून्य ते पाच अशी श्रेणी ठरवून दिली. स्नायू मुळीच हलत नसेल तर शून्य. नुसते स्फुरण दिसले तर एक. अवयवाचे वजन पेलावे लागत नसेल तेव्हाच हलला तर दोन. स्वतःचे वजन उचलता आले तर तीन. थोडा विरोध सोसला तर चार. आणि पूर्ण बळ असेल तर पाच. आजही आपल्या कोणत्याही मोठ्या इस्पितळातील कागदावर 'पॉवर तीन' असे लिहिलेले दिसते, त्याचे मूळ हे.

दुसरे पाऊल ग्लासगोचे. जॉन रँकिन हे तेथील डॉक्टर साठी उलटलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. १९५७ साली त्यांनी एक साधी पाच पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. तिच्यात स्नायू नाहीत, अंगठा नाही. आहे तो संसार. सगळी नेहमीची कामे जमतात, ती पहिली पायरी. पूर्वीची काही कामे सुटली, पण स्वतःचे स्वतःला पाहता येते, ती दुसरी. थोडी मदत लागते, पण चालता येते, ती तिसरी. आधाराशिवाय चालवत नाही आणि अंगधुणे-कपडे यांनाही माणूस लागते, ती चौथी. अंथरुणाला खिळून अष्टौप्रहर शुश्रूषा लागते, ती पाचवी. पुढे इतरांनी हिच्या वर शून्य आणि तळाशी मृत्यूसाठी सहा असे आकडे जोडले. पण रँकिनचे नाव कायम राहिले. १९६५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या फ्लॉरेन्स माहोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी जेवण, स्नान, कपडे, शौच, जिना चढणे अशा दहा नित्यकर्मांना मिळून शंभर गुण ठेवले. नंतर पुन्हा ग्लासगोहून, १९७४ साली, ग्रॅहॅम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची रीत दिली. डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो, कसा हलतो, या तीन प्रश्नांत तिचे सार आले.

खुद्द पक्षाघाताच्या जोराला गुण देण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एकाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. निनान मॅथ्यू हे मूळचे भारतीय मेंदूतज्ज्ञ अमेरिकेत काम करीत असताना, ग्लिसरॉल दिल्याने सुजलेल्या मेंदूला उतार पडतो का, याची परीक्षा त्यांनी सहकाऱ्यांसह केली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध केली. त्या परीक्षेसाठी जी गुणपद्धती वापरली, ती मॅथ्यू यांच्याच नावाने ओळखली गेली. मग गुणपद्धतींचे पीकच आले. टोरॉन्टोची, स्कँडिनेव्हियाची, कॅनडाची. प्रत्येक देशाची रीत निराळी, म्हणून आकडे पुन्हा एकमेकांशी जुळेनात.

या गर्दीतून जी टिकली, तिचा जन्म अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या छत्राखाली झाला. थॉमस ब्रॉट, हॅरॉल्ड ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ती मांडली. डॉक्टरमंडळी तिला 'एनआयएच स्ट्रोक स्केल' म्हणतात. परीक्षा सात-आठ मिनिटांत आटोपावी अशी तिची बांधणी आहे. आणि ती एकदा पाहिली, की घरच्या माणसालाही समजेल इतकी ती साधी आहे.

परीक्षक प्रथम रुग्ण कितपत जागा आहे ते पाहतो. मग विचारतो, 'हा महिना कोणता? तुमचं वय किती?' मग सांगतो, 'डोळे मिटा, उघडा. मूठ वळा, सोडा.' नंतर दृष्टी दोन्हीकडे फिरते का, बाजूला धरलेली बोटे दिसतात का. दात दाखवायला सांगून तोंड वाकडे होते का ते पाहायचे. एकेक हात पुढे धरायला लावून मोठ्याने दहापर्यंत मोजायचे. हात तसाच राहिला तर शून्य, हळूहळू खाली आला तर एक, आणि मुळीच हलला नाही तर चार. पायाला पाच मोजायचे. बोट नाकाला लावणे, टाचणीची टोच, चित्राचे वर्णन, शब्दांचा उच्चार, आणि शेवटी एका बाजूचे जग रुग्ण विसरतो का, याची पाहणी. सर्व ठीक असेल तर बेरीज शून्य, आणि आजार जितका जड तितकी बेरीज मोठी, कमाल बेचाळीस. शाळेतल्या उलट, येथे गुण कमी तो नशीबवान!

या परीक्षेचे नियम फार कडक आहेत, आणि तिचा कणा तोच आहे. रुग्णाने जे प्रत्यक्ष केले त्यालाच गुण. त्याला काय जमेल असे आपल्याला वाटते, त्याला नव्हे. पहिले उत्तर तेच खरे. खूण करायची नाही, आठवण द्यायची नाही. वयात एका वर्षाची चूक झाली तरी ते उत्तर चूक. दया किंवा अनुभव, दोहोंपैकी कशालाही आकड्यात ढवळाढवळ करू द्यायची नाही.

१९८९ च्या त्या निबंधातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की चोवीस रुग्णांची परीक्षा निरनिराळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा केली. त्यांत मेंदूचा तज्ज्ञ होता, शिकाऊ डॉक्टर होता, मेंदूविभागातील परिचारिका होती आणि अपघातविभागातील परिचारिकाही होती. आपल्याच पहिल्या आकड्याशी दुसरा आकडा जुळण्यात या चौघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. जी गोष्ट पॅरिसच्या गुरूंना आयुष्य घालवून साधत होती, तिचा एक उपयुक्त अंश नीट शिकवलेल्या परिचारिकेच्याही हाती आला. अधिकाराचा शब्द जाऊन त्या जागी सर्वांचा आकडा आला, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी. मूळच्या पंधरा बाबींत डोळ्याच्या बाहुलीची एक बाब होती. परीक्षकांचे एकमत सर्वांत जास्त झाले ते तिच्यावर. उजेडाने बाहुली लहान होते की नाही, यात वाद कसला? पण आजाराच्या खऱ्या जोराशी तिचा संबंध मात्र थोडाच निघाला. उलट हातापायांच्या बळाविषयी एकमत कमी, परंतु रुग्णाचे भवितव्य तेच अधिक चांगले सांगत होते. पुढे बाहुली गाळली गेली. ज्यावर सर्वांचे पटकन एकमत होते ते महत्त्वाचे असतेच असे नाही, हा धडा वैद्यकापुरताच आहे असे मला वाटत नाही.

या आकड्याची खरी कसोटी १९९५ च्या डिसेंबरात लागली. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिल्यास पक्षाघाताला उतार पडतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ६२४ रुग्णांवर चाचणी झाली होती. प्रत्येकाचा आरंभीचा आकडा खाटेशेजारी उभे राहून याच रीतीने काढला होता. गंमत अशी, की पहिल्या २९१ रुग्णांत चोवीस तासांनी आकडा चार गुणांनी उतरला का, असे पाहिले तेव्हा औषध घेतलेले आणि न घेतलेले यांत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. पण तीन महिन्यांनी चार मापे लावून पाहिले. ती मापे कोणती? रँकिनची शिडी, बार्थेलबाईंचे शंभर गुण, ग्लासगोहून आलेले परिणामाचे माप, आणि हे नवे बेचाळीस गुणांचे माप. चारही मापांनी एकच साक्ष दिली. औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ धडधाकट राहिलेल्यांचे प्रमाण किमान तीस टक्क्यांनी अधिक होते. धोकाही आकड्यानेच कळला. मेंदूत लक्षणे उमटवणारा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत शेकडा ६.४, तर इतरांत ०.६. दोन हजार वर्षे ज्याला 'सोपे नाही' एवढेच म्हटले जात होते, त्या आजारावर १९९६ मध्ये अमेरिकेत हे औषध रीतसर मान्य झाले. २००८ मध्ये युरोपातील एका चाचणीने वेळेची मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ मध्ये तर मोठी गुठळी जांघेतून तार घालून बाहेर काढण्याची रीत एकामागून एक पाच चाचण्यांनी सिद्ध केली. आणि तिथेही कोणाला न्यायचे हे ठरवताना खाटेशेजारचा तो आकडा हाताशी असतो.

मात्र आकड्याला देव मानू नये. त्याच्या खोटी त्याच्या भक्तांनीच शोधून काढल्या आहेत. मेंदूचा मागचा भाग बिघडला तर माणसाला भोवळ येते, तोल जातो, उभे राहवत नाही; पण अंथरुणावर पडल्या पडल्या परीक्षा केली तर बेरीज शून्याजवळ येऊ शकते. दुसरी खोट वाणीची. भाषेशी संबंधित बाबींना मिळून सात गुण आहेत, आणि डावे जग विसरण्याच्या आजाराला दोनच. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. म्हणून आकडा सारखाच असताना उजव्या मेंदूची इजा अधिक मोठी असते, असे १९९९ साली त्याच चाचणीच्या रुग्णांवरून दिसून आले.

तिसरी खोट आपल्या घरची आहे. भाषेच्या परीक्षेसाठी जे चित्र दाखवतात ते मूळचे अमेरिकन चाचणीतले, १९७२ चे. आई उभ्याने भांडी पुसते आहे, पाणी मोरीतून उतू चालले आहे, आणि मागे मुलगा तिपाईवर चढून बिस्किटांच्या बरणीत हात घालतो आहे. ओळखायच्या वस्तूंत निवडुंग, हातमोजा आणि झाडाला टांगायची झोळी आहे. आपल्या एखाद्या आजीबाईंनी हातमोज्याला 'हात' म्हटले किंवा झोळीला पाळणा म्हटले, तर ती मेंदूची चूक की चित्रकाराची? आजीबाईंसमोर फळीवरच्या लाडवांच्या डब्याचे चित्र ठेवले असते, तर त्यांनी मुलाच्या खोडीसकट सारी कथा सांगितली असती. महिना विचारला तर त्या 'आश्विन' म्हणतील. आणि जन्मसाल कधी कोणी लिहूनच ठेवले नाही, तर वय कुठून सांगणार? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी हिंदीतील रूप पारखून २०१२ साली प्रसिद्ध केले, त्यामागे हीच जाणीव होती. माप सर्वांचे व्हायचे तर ते सर्वांच्या बोलीत उतरले पाहिजे.

हे सारे आपल्यापासून दूरचे आहे, असे समजण्यात अर्थ नाही. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. प्रफुल्ल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड लाखाहून थोड्या अधिक वस्तीची घरोघर नोंद ठेवली. तेवढ्यात ४५६ जणांना पहिल्यानेच पक्षाघात झाला, आणि अठ्ठावीस दिवसांच्या आत त्यांतील सुमारे तीस टक्के दगावले. तेव्हा हे वारे कोणत्याही चाळीत, कोणत्याही वाड्यात शिरू शकते.

अशा वेळी घरच्यांनी काय करावे? बेचाळीस गुणांची परीक्षा डॉक्टर घेतील. पण इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या मंडळींनी १९९८ मध्ये रुग्णवाहिकेवरच्या सेवकांसाठी जे सार काढले, ते प्रत्येक घराला पुरेसे आहे. चेहरा वाकडा झाला का? हात वर धरला तर खाली पडतो का? बोलणे अडखळते का? यांतले एक जरी दिसले तरी चौथी गोष्ट वेळ. दिवाळीच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते. आजोबांच्या हातून चहाचा कप निसटतो आणि कोणी म्हणते, 'दमलेत, जरा पडू द्या.' तेल चोळले जाते, कांदा हुंगवला जातो, आणि दोन तास निघून जातात. त्याऐवजी घड्याळाकडे पाहावे. आजोबा अगदी ठीक होते असे शेवटचे कोणी पाहिले, आणि किती वाजता, ते लिहून ठेवावे, आणि ज्या इस्पितळात मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय आहे तिथे तडक न्यावे. कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही. तिथे डॉक्टर महिना विचारतील, तेव्हा मुलांनी-सुनांनी मागून उत्तर सुचवू नये. प्रेमापोटी सुचवलेले उत्तर आकडा खोटा करते, आणि खोट्या आकड्यावर उपाय ठरतो.

आता पुन्हा एकदा विल्सन यांच्या खोलीत जाऊ. समजा, ५ डिसेंबर १९१९ ला त्या दोन सिनेटरांच्या जागी आजची एखादी परिचारिका आत गेली असती. तिने प्रथम पांघरूण बाजूला केले असते. डावा हात उचलायला सांगून दहा मोजले असते, डाव्या पायाला पाच. चेहरा, दृष्टी, टोच, सारे पाहिले असते, आणि सात-आठ मिनिटांत कागदावर असा एक आकडा आला असता, जो 'थकवा' या शब्दाखाली झाकता आला नसता. पण तिने आणखी एक गोष्ट जाणली असती. रुग्ण नीट बोलतो, महिना सांगतो, वय सांगतो, विनोद करतो, म्हणून भाषेचे सातही गुण कोरे राहिले. आणि आपल्याला फारसे काही झालेले नाही असे जे त्याला मनापासून वाटते आहे, त्याला या कागदावर फारच थोडी जागा आहे. राष्ट्राच्या दृष्टीने धोका तर तिथेच होता. तेव्हा आकडा लिहून झाल्यावर तिने खाली आणखी एक ओळ लिहिली असती. चांगले परीक्षक आजही तसेच करतात. आकडा आधी लिहितात, आणि मग खुर्ची ओढून रुग्णाशी बोलत बसतात.